घड्याळाची चोच

"घड्याळात असतं काय हो? एक लाकूड आणि त्याला मधोमध एक भोक! बाकीचं सगळं दुकानात मिळतं!"

हे उद्गार ओळंबेसाहेबांचे. ओळंबे हे त्यांचं आडनाव नव्हे, बरं का. साहेबांनी जन्मभर इमारतींच्या कामावर देखरेख केली. खिशात पाकीट नसलं तरी चालेल, पण दोरीला वजन लावलेला ओळंबा हवाच, हा त्यांचा बाणा. बांधून होत आलेल्या भिंतीला ओळंबा लावायचा, एक डोळा मिटायचा आणि "एक सूत बाहेर आहे, पाडा!" म्हणायचं. गवंडी मग मनातल्या मनात त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. हे नाव त्या गवंड्यांचंच. ते असं काही चिकटलं, की निरोपसमारंभात खुद्द मोठ्या साहेबांनी भाषणात "आपले ओळंबे" म्हटलं आणि त्याच वाक्याला सगळ्यांत जास्त टाळ्या पडल्या.

निवृत्त माणूस घरी आला की घरातली एक खोली जाते, हा निसर्गनियम आहे. साहेबांनी मागची खोली घेतली. ती पाहुण्यांची होती आणि तिच्यात एक खाट होती. साहेबांनी खाट उचलून भिंतीशी उभी केली, तिच्या जागी टेबल ठोकलं, टेबलाला लाकूड पकडायचा शिकंजा बसवला, भिंतीवर पटाशा, करवती आणि कानशी उंचीप्रमाणे टांगल्या आणि दाराला आतून नवी कडी लावली. त्या खोलीला साहेब 'कार्यशाळा' म्हणत. बायको 'ती खोली' म्हणे. 'ती बाई' म्हणतात ना, त्या सुरात!

कार्यशाळेतून आजवर बाहेर पडलेल्या वस्तू अशा : एक स्टूल, ज्यावर बसलं की आपोआप पाळण्याचा आनंद मिळे. एक पेटी, जी उघडे पण मिटत नसे. आणि भुसा. भुसा मात्र मुबलक! तो साखरेत सापडे, उशीच्या अभ्र्यात सापडे. एकदा तर बायकोच्या चष्म्याच्या डबीत सापडला, आणि ती डबी कपाटात कुलपाखाली होती.

एके दिवशी बायकोने सकाळचा चहा पुढे ठेवला आणि बशीबरोबरच बातमीही ठेवली.

"ताई येणारेय. आठेक दिवस राहील."

"येऊ देत की! आपलंच घर आहे."

"झोपेल कुठे?"

साहेबांनी दारातून उभ्या खाटेकडे पाहिलं. खाटेनेही त्यांच्याकडे पाहिलं.

"हे बघा," बायको म्हणाली, "मी ताईला फोनवर सांगून बसलेय, की आमचे हे हल्ली लाकडाची नक्षीदार घड्याळं बनवतात."

"अगं, पण मी कुठे घड्याळं बनवतो?"

"मग काय सांगू? भुसा बनवतात म्हणून?"

साहेबांनी शर्टावरचा भुसा झटकला. सत्याला उत्तर नसतं.

"आता शेवटचं सांगते. ताई दारात पाऊल टाकेल तेव्हा बैठकीच्या भिंतीवर तुमच्या हातचं घड्याळ दिसलं पाहिजे. चालतं! आणि ती परत जाईपर्यंत ते चालत राहिलं पाहिजे. तसं झालं तर ती खोली तुमची. कायमची. मी तोंडातून अवाक्षर काढणार नाही. ताई माझ्याजवळ झोपेल, तुम्ही बैठकीतल्या दिवाणावर. पण घड्याळ बंद पडलं, तर त्या क्षणी खाट आडवी! टेबलबिबल सगळं भंगारात!"

"बस? एवढंच?" साहेब हसले. आणि मग त्यांनी ते लाकडाचं आणि भोकाचं वाक्य टाकलं.

लाकूड घरातच होतं. एका पाडलेल्या इमारतीच्या दाराची जुनी फळी साहेबांनी आठवण म्हणून आणून ठेवली होती. फळी कसली, ती एक छोटी भिंतच! तिच्यावर हातोडा मारला तर हातोडाच "आई गं" म्हणायचा. साहेबांनी ती ठोकून पाहिली, खूश झाले आणि घड्याळाचं मशीन आणायला बाजारात गेले.

"लाकूड केवढं जाड आहे?" घड्याळवाल्याने विचारलं.

"दणकट आहे!"

"दणकट म्हणजे किती? मशीनच्या दांड्या लहानमोठ्या येतात. जाड लाकडाला लांब दांडी लागते."

"अहो, इमारती उभ्या केल्यात मी! नेहमीचं द्या!"

घड्याळवाल्याने नेहमीचं दिलं. गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही, हे तोही दुकानात बसून शिकलेला होता. मशीनबरोबरचे काटे साहेबांना काड्यापेटीतल्या काड्यांसारखे वाटले, म्हणून त्यांनी वेगळे पितळी काटे घेतले. लांबलचक, टोकाला पान असलेले. एखाद्या सरदाराने कमरेला लावावेत असे!

मग कोरीवकाम सुरू झालं. गोल तबकडी, भोवती वेल, आणि वेलीवर समोरासमोर दोन पक्षी. पक्षी वेगळे कोरायचे आणि मग सरसाने तबकडीवर बसवायचे, असा बेत. उजवीकडचा पक्षी पंख पसरून होता, तो तसा लवकर जमला, कारण पंख काय, कसाही असला तरी पंखच असतो. गोची झाली डावीकडच्या पक्ष्याशी. पहिला पक्षी तयार झाला तेव्हा बायको चहा घेऊन आली आणि म्हणाली, "बूट छान झालाय." दुसऱ्याची चोच काचकागदाने घासता घासता तुटली आणि कुठे गेली ते कळलंच नाही. नंतर ती तुरीच्या डब्यात निघाली. तिसऱ्या पक्ष्याची चोच मात्र उतरली! बाकदार, किंचित उघडी, आता टोचेल की मग टोचेल अशी! साहेब श्वास रोखून बघत राहिले. बायको आत आली. तिने पाहिलं.

"अय्या! पक्षी!"

मंडळी, साहेबांनी कोरलेली वस्तू न सांगता ओळखली गेल्याची ही पहिलीच खेप. त्यांचे डोळे पाणावले. भुशाने असतील, पण पाणावले. त्यांनी लगेच दोन्ही पक्षी सरस लावून तबकडीवर पक्के केले, वर पॉलिशचे हात मारले आणि मग मशीन बसवायला घेतलं.

मशीनची दांडी भोकातून बाहेर येईना! लाकूड जाड, दांडी आखूड. साहेबांनी पाठीमागून लाकूड पोखरलं, आणखी पोखरलं, तेव्हा कुठे कासवाने मान काढावी तसं दांडीचं टोक डोकावलं. काटे कसेबसे अडकले, पण तबकडीला पोट टेकून. सेल घातला. टक्, टक्, टक्! चाललं! साहेबांनी घड्याळ बैठकीत टांगलं, ओळंबा लावून अर्धं सूत डावीकडे सरकवलं, आणि हाताची घडी घालून दिवाणावर बसले. ताई तासाभरात पोचणार होत्या. मिनिटकाटा ऐटीत सहा ओलांडून सात गाठून आठाच्या आकड्याशी आला.

आणि अडला.

आठाच्या आकड्यावर त्या डाव्या पक्ष्याची चोच होती. काटा सरळ तिच्यात जाऊन खेटला. मजा अशी, की सेकंदकाटा आखूड होता, तो मजेत फिरत होता. मशीन आतून टकटकत होतं. फक्त मिनिटकाटा चोचीला टेकून थरथरत होता, दारात उभं राहून "येऊ का?" विचारणाऱ्या उधारीवाल्यासारखा.

साहेबांनी धावत पक्कड आणली आणि काटा वर वाकवला. काटा चोचीवरून गेला, आणि पलीकडे दोनाच्या आकड्यावर उजव्या पक्ष्याच्या पंखाला अडकला! पुन्हा सरळ केला, पुन्हा चोच. राहता राहिला एकच मार्ग : चोच छाटणं. साहेबांनी करवत उचलली. पण कानात "अय्या! पक्षी!" घुमलं. करवत हवेतच राहिली. तेवढ्यात खाली गाडीचा हॉर्न वाजला आणि बायको ओरडली, "ताई आली!"

साहेबांनी करवत दिवाणाखाली सरकवली, करंगळीने काटा जरासा दाबला आणि चोचीखालून पलीकडे ढकलला. काटा सुटला आणि चालू लागला. साहेबांच्या जिवात जीव आला. आता तासाभराची निश्चिंती! तासाला एकदा करंगळी, एवढंच ना? एवढ्यावर एक अख्खी खोली मिळत असेल तर करंगळी काय, मनगटापर्यंत हात द्यायला ते तयार होते.

थोरल्या ताई म्हणजे बायकोची मोठी बहीण. मोठ्या रुग्णालयात मेट्रन होत्या, आता निवृत्त. पण समोरच्या माणसाकडे त्या अजूनही अशा बघत, की जणू त्याच्या पायथ्याशी त्याच्या तापाचा तक्ता लटकवलेला आहे.

"भावोजी, डोळ्यांखाली सूज दिसतेय," त्या उंबऱ्यातूनच म्हणाल्या. मग त्यांची नजर भिंतीवर गेली. "अगं बाई! हे यांनी केलं? आणि हा पक्षी बघ! चोच बघ गं त्याची, कशी जिवंत!"

"चोच तर त्यांनी मन लावून केलीय," बायको अभिमानाने म्हणाली.

झालं! चोचीला आता सरकारी संरक्षण मिळालं.

पहिला दिवस साहेबांनी कौशल्याने काढला. आठाचा आकडा जवळ आला की ते उठत. "जरा तिरकं झालंय," म्हणत खिशातला ओळंबा काढून घड्याळाला लावत, आणि घड्याळ सरळ करण्याच्या मिषाने करंगळी मारत. पुढच्या तासाला, "धूळ बसलीय." त्याच्या पुढच्या तासाला हातात लांब पट्टी घेऊन दिवाणावरूनच नेम धरला. "डास होता." रात्री घड्याळाकडे कोण बघतंय! रात्रभर काटा चोचीशी झटत राही आणि पहाटे सगळ्यांच्या आधी उठून साहेब त्याला वर्तमानकाळात आणून सोडत. अडचण एवढीच, की नव्या घड्याळाच्या मानार्थ त्यांनी मनगटावरचं घड्याळ खणात टाकलं होतं आणि खणावर रंध्याची पेटी ठेवली होती. ते अंदाजाने वेळ लावत. अंदाज त्यांचा पक्का होता, असं त्यांचं मत होतं.

आता गंमत बघा. जे घड्याळ दर तासाला अडतंय, ते मागे पडायला हवं की नाही? हे घड्याळ पुढे पळू लागलं! दुसऱ्या दिवशी रात्रीचं जेवण झालं तेव्हा बाहेर मुलं खेळत होती.

"तुमच्याकडे ऊन असतानाच रात्रीचं जेवता का गं?" ताईंनी विचारलं. "आणि माझ्या मोबाइलवर तर वेगळीच वेळ दिसतेय."

"मोबाइलचं काय घेऊन बसलात, ताई? रेंजवर असतं ते!" साहेब म्हणाले.

"हो ना, आमच्याकडे रेंज फार कमी येते," बायको घाईघाईने म्हणाली. साहेबांनी चकित होऊन तिच्याकडे बघितलं. लग्नानंतर तिने त्यांच्या बाजूने बोलण्याची ही दुसरी वेळ असावी. पहिली त्यांना आठवेना.

ताई मात्र विचारात पडल्या होत्या. विषय घड्याळ नव्हता. विषय भावोजी होता.

"भावोजी, इकडे बसा. खरं सांगायचं. तुम्ही दर तासाला उठता. न चुकता. मी बघतेय."

"सवय आहे, ताई. अंग मोकळं करतो."

"या वयात पुरुष माणूस दर तासाला उठतो, त्याला अंग मोकळं करणं म्हणत नाहीत. त्याला तपासणी करून घेणं म्हणतात. पाणी किती पिता? रात्री किती वेळा जावं लागतं?"

"ताई!" साहेब लाजेने पॉलिश मारल्यासारखे चमकले.

"लाजायचं काय त्यात? मी वॉर्डात शंभर म्हाताऱ्यांना विचारलंय. हात द्या इकडे, नाडी बघू."

ताईंनी साहेबांचं मनगट धरलं. मेट्रनने धरलेलं मनगट! त्यापुढे साहेबांचा शिकंजा म्हणजे कापूस. स्वतःच्या हातातलं घड्याळ त्यांनी पाहिलंच नाही. "घरात एवढं सुंदर घड्याळ असताना हे टीचभर कशाला बघू!" म्हणत त्यांनी भिंतीवरच्या सेकंदकाट्यावर नजर लावली.

मिनिटकाटा आठापासून दोन रेघा दूर होता.

"शांत बसा. छान चाललीय नाडी," ताई म्हणाल्या.

एक रेघ. साहेबांनी हळूच हात ओढून पाहिला. हात जागचा हलला नाही.

"हं? जरा वाढली."

काटा चोचीला टेकला आणि थरथरू लागला. सेकंदकाटा बिचारा इमानाने फिरत होता, त्यामुळे ताईंना संशय आला नाही. पण साहेबांना दिसत होतं! मिनिटामिनिटाने ती मागची खोली हातातून निसटताना दिसत होती! खाट आडवी होताना, पटाशा पोत्यात जाताना, बोहारणीला शिकंजा देऊन बायको चमचे घेताना दिसत होती!

"अगं ए, ये इकडे!" ताई ओरडल्या. "घोडा पळतोय इथे, घोडा! यांना आडवं करा आधी!"

खाटेऐवजी साहेबच आडवे झाले. दिवाणावर, डोक्याखाली उशी, पायांवर चादर, "उठायचं नाही, हलायचं नाही, बोलायचं नाही" असा हुकूम, आणि नेमकं समोर ते घड्याळ, चोचीला काटा टेकवलेलं. साहेबांनी डोळे मिटून घेतले. संपलं सगळं. आता बायको येईल, वर बघेल...

बायको आली. फडका घेऊन घड्याळ, तसबीर, कपाट असं पुसत ती गेली. साहेबांनी डोळे किलकिले केले, तर काय, काटा चोचीच्या पलीकडे! आठ ओलांडून नऊकडे निघालेला!

साहेब ताडकन उठून बसले. लाकूड बसलं! नवं काम आहे, लाकूड हवा खातं, आकसतं, जागा करून देतं! देवा, तुझ्या घरी देर आहे पण ओळंबा आहे!

"मी ठणठणीत आहे!" त्यांनी जाहीर केलं. दिवाणावरून उतरून त्यांनी चार उठाबशा काढून दाखवल्या. "बघा ताई! मला काडीचाही आजार नाही! कधी नव्हता! छाती ठोकून सांगतो!"

त्यांनी ठोकली. मंडळी, ही छाती त्यांनी ठोकायला नको होती. कारण माणूस आजारी नाही म्हटल्यावर, तो दर तासाला का उठतो, या प्रश्नाचं उत्तर बदलतं.

तिसऱ्या संध्याकाळी ताई आपला आवडता किस्सा सांगत होत्या. एक रुग्ण सलाईनच्या स्टँडसकट वॉर्डातून नाहीसा झाला होता आणि सगळं रुग्णालय त्याला शोधत होतं. "मी म्हटलं, औषधांच्या कोठीत बघितलं का? कुणीच बघितलं नव्हतं. मी गेले. आतून खुडबुड ऐकू येतेय. हळूच कडी काढली. दार उघडून बघते तर..."

साहेबांनी वर बघितलं. काटा चोचीला टेकला होता! लाकूडबिकूड काही बसलं नव्हतं. ते उठले आणि घड्याळाकडे निघाले.

ताई थांबल्या. किस्सा अर्धवट राहिला. कोठीत काय होतं ते कोठीतच राहिलं. ताईंनी एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे, आणि पदर सावरून उठल्या.

"कळलं मला."

"काय कळलं?" साहेब करंगळी खिशात घालत म्हणाले.

"दोन दिवस म्हणत होते, आजार असेल. पण तुम्ही स्वतःच सांगितलंत, आजार नाही. मग राहिलं काय? मी बोलायला लागले की भावोजी उठतात आणि घड्याळ बघतात! अहो, पाहुण्याला एवढं दाखवायला लागू नये. वॉर्डातले रुग्णसुद्धा भेटीची वेळ संपली की आधी जांभई देतात, मग घड्याळ बघतात. तुम्ही जांभईदेखील दिली नाहीत!"

"ताई, अहो, तसं नाही..."

"माझी बॅग कुठेय गं?"

बॅग निघाली. बॅगेत साडी गेली, टॉवेल गेला, औषधांची डबी गेली. बायको दारात उभी राहून एकदा बहिणीकडे आणि एकदा नवऱ्याकडे बघत होती. तिचा चेहरा चुलीवर राहिलेल्या तव्यासारखा तापला होता.

"बोला ना आता!" ती दातांवर दात ठेवून म्हणाली. "की जीभपण शिकंज्यात अडकलीय?"

साहेब पेचात पडले. खरं सांगावं तर घड्याळ नापास आणि खोली गेली. न सांगावं तर मेहुणी जन्माची दुरावली आणि बायको... बायकोचं तर बोलायलाच नको. अशा वेळी शहाणा माणूस खरं सांगतो. साहेबांनी तिसरा मार्ग काढला.

"ताई, थांबा! तुमचंच बरोबर होतं. मला... तो आजार आहे. तोच. दर तासाला जावंच लागतं. लाजेने खोटं बोललो."

ताईंचा बॅगेची चेन ओढणारा हात थांबला. चेहरा मऊ झाला. मग पुन्हा कडक झाला.

"पण भावोजी, न्हाणीघर त्या बाजूला आहे. तुम्ही दर तासाला भिंतीकडे कशाला जाता?"

साहेबांनी भिंतीकडे पाहिलं. बायकोने भिंतीकडे पाहिलं. ताईंनी भिंतीखालच्या फरशीकडे पाहिलं.

"नाही, नाही! तसलं काही नाही!" साहेब किंचाळले. "ताई, तुमच्या पाया पडतो! मला तुम्हाला घालवायचं नाहीये हो! मला काट्याला घालवायचंय! चोचीच्या पलीकडे!"

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. जाड फळी, आखूड दांडी, लांब काटे, करंगळी, डास. त्यांनी ताईंना हाताला धरून घड्याळाखाली नेलं. काटा चोचीला टेकून थरथरत होताच. साहेबांनी करंगळीने तो दाबला, सरकवला. काटा सुटला.

"हे असं. दर तासाला," ते खाली मान घालून म्हणाले. "घड्याळ बंद पडतं. मागची खोली गेली माझी."

ताई बघत राहिल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मग त्या दिवाणावर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. बायको मात्र हसली नाही.

"त्यात एवढं सांगण्यासारखं काय आहे?" ती म्हणाली. "मी पहिल्या संध्याकाळपासून ढकलतेय."

"तू?"

"मग काय ताईसमोर शोभा करून घेऊ? फोनवर मी सांगून बसले होते ना! फडका मारता मारता ढकलायचे. कधी अडलेला दिसला म्हणून, कधी अडेल म्हणून."

"तरीच!" ताई डोळे पुसत म्हणाल्या. "दोघं मिळून ढकलताय! तरीच चहाचे कप विसळून होईतो जेवणाची पानं! आणि माझ्या मोबाइलची रेंज गं?"

बायकोने छताकडे पाहिलं.

"मग माझी खोली?" साहेबांनी चाचरत विचारलं.

"घड्याळ बंद कुठे पडलं? आपण पडू दिलं कुठे?" बायको म्हणाली. "शब्द म्हणजे शब्द. खोली तुमची."

साहेबांना आकाश ठेंगणं झालं. आजवर इतक्या इमारती त्यांनी सरळ उभ्या केल्या, पण बायकोइतका ओळंब्यात असलेला माणूस त्यांनी पाहिला नव्हता. त्या रात्री ते दिवाणावर गाढ झोपले. पहाटे काट्यासाठीही उठले नाहीत. सकाळी उन्हं वर आल्यावर, नव्या कामाचे बेत मनात रचत ते आपल्या, स्वतःच्या, कायमच्या कार्यशाळेकडे गेले. आतून खुडबुड ऐकू आली. दार उघडून बघतात तर...

खाट आडवी! खाटेवर गादी, गादीवर ताई. कोपऱ्यात सरकवलेल्या टेबलावर औषधांची डबी, शिकंज्यात ताईंचा आरसा पकडलेला, आणि पटाशांच्या खिळ्यांवर उंचीप्रमाणे ब्लाउज!

"या भावोजी!" ताई आरशात बघत वेणी घालत होत्या. "रात्री इकडे आले. तुमची बायको घोरते, दिवसभर घड्याळ ढकलून दमलेली असते बिचारी. आणि म्हटलं, तुम्हाला मी नकोशी नाहीये ना, मग आठ दिवस कशाला, चांगली महिनाभर राहते."

"खोली तुमचीच आहे हो!" स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला. "खाट फक्त ताईची!"

इथवरही साहेबांनी सोसलं असतं. पण ताईंनी घड्याळ हातात घेतलं. म्हणजे वॉर्डात घेतलं. "आता तुम्ही दोघं हात लावायचा नाही. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस आम्ही ठरलेल्या वेळी बदलायचो. मला सवय आहे." आणि निवृत्त झाल्यापासून प्रथमच ताईंच्या चेहऱ्यावर कामावर असल्याचं तेज आलं. तासाला करंगळी, दिवसातून दोनदा फडका, आणि संध्याकाळी ताई स्वतःशीच म्हणत, "आज फारसा त्रास दिला नाही हो." घड्याळ मिनिटाला मिनिट बरोबर चालू लागलं. महिना संपत आला तेव्हा साहेबांनी आडून आडून विचारलं, "ताई, घरी वाट बघत असतील ना?"

"बघू देत. याला असा अडलेला सोडून कशी जाऊ?"

त्या दुपारी ताई आणि बायको भाजी आणायला गेल्या होत्या. साहेबांनी दिवाणाखालून ती जुनी करवत काढली. घड्याळ उतरवलं. पक्ष्याकडे एकवार डोळे भरून पाहिलं. "माफ कर बाबा," म्हणाले आणि कर्रर्र करून चोच उडवली. पक्षी पुन्हा बूट झाला. पण काटा! काटा आठावरून असा सुळकन गेला, जणू तिथे कधी काही नव्हतंच! साहेबांनी घड्याळ टांगलं, ओळंबा लावला, आणि दिवाणावर बसून विजयाची वाट पाहू लागले.

ताई आल्या. पिशवी खाली ठेवायच्या आधीच त्यांनी वर पाहिलं, जवळ गेल्या, बोटाने चोचीची जागा चाचपली, काट्याला आठाच्या पार जाताना पाहिलं.

"ऑपरेशन केलंत?"

"हो ताई!" साहेब उत्साहाने म्हणाले. "आता अडत नाही. कुणी ढकलायला नको. आता कुणी थांबायची काही गरजच नाही!"

"असं कसं म्हणता?" ताईंनी पिशवी खाली ठेवली आणि पदर खोचला. "ऑपरेशननंतर तर खरी देखरेख लागते. आता दोन महिने तरी मी इथून हलत नाही."

खाट अजून आडवीच आहे. साहेब हल्ली बैठकीतल्या दिवाणावर बसून असतात आणि कुणी आलं की घड्याळाकडे बोट दाखवून सांगतात, "एक लाकूड आणि त्याला मधोमध एक भोक. बाकीचं सगळं आपोआप घरी राहायला येतं."